स्वप्नाचा अधिकार कोणावर?

झोपलेल्या माणसाची कर्मे नोंदविणारी लेखणी तो जागा होईपर्यंत उचललेली असते, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे. वयात न आलेले मूल आणि बुद्धी हरपलेला माणूस यांनाही हीच सवलत आहे. ही हदीस आपण बहुधा फिक्हच्या संदर्भात ऐकतो. झोपेत नमाजची वेळ निघून गेली तर काय, झोपेत तोंडातून तलाकचे शब्द निघाले तर काय, अशा प्रश्नांची उत्तरे देताना उलेमा तिचा आधार घेतात. परंतु स्वप्नांविषयीचा एक मोठा नैतिक सिद्धान्तही तिच्यात सामावलेला आहे. स्वप्नात माणूस जे पाहतो, जे करतो, त्याचा हिशेब नाही. हिशेब सुरू होतो तो डोळे उघडल्यावर. पाहिलेले स्वप्न आपण कोणाला सांगितले, त्याच्या आधारे कोणाकडे संशयाने पाहिले, कोणाचा हक्क हिरावून घेतला, हे सारे जागेपणीचे कर्म आहे आणि तोपर्यंत लेखणी पुन्हा कागदावर टेकलेली असते.

स्वप्न म्हणजे नेमके काय, यावर तत्त्ववेत्त्यांनी आणि वैद्यांनी पुष्कळ लिहिले आहे. त्याचा थोडा विचार आपण करणारच आहोत. तथापि सोलापुरातल्या एका मशिदीत फज्रच्या नमाजनंतर जे प्रश्न माझ्यापुढे येतात त्यांवरून मला वाटते की, आपल्या घरांना अधिक निकडीचा प्रश्न दुसराच आहे: एका माणसाच्या स्वप्नाला दुसऱ्या माणसावर कितपत अधिकार पोहोचतो?

सहीह मुस्लिममध्ये हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये स्वप्नांचे तीन प्रकार सांगितले आहेत. एक, अल्लाहकडून मिळणारी शुभवार्ता. दुसरे, माणसाला दुःखी करण्यासाठी सैतानाकडून येणारे स्वप्न. आणि तिसरे, माणसाचे स्वतःशीच चाललेले बोलणे. या तिसऱ्या प्रकाराकडे आपले दुर्लक्ष होते. स्वप्न पडले की ते वरून आले की खालून, एवढेच आपण विचारतो. ते आपल्याच आतून आलेले असेल, ही शक्यता लक्षात घेत नाही. खरे तर आपल्या बहुतेक रात्री याच तिसऱ्या प्रकारात जातात.

आपल्या शहराचेच उदाहरण घ्या. यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा कामगार पहाटे अंथरुणाला पाठ टेकतो, तरी त्याच्या कानांतला खडखडाट थांबत नाही. स्वप्नात धागा तुटतो, तो जोडायला जावे तर दुसरीकडे तुटतो. विडी वळणाऱ्या भगिनीला स्वप्नात हजाराचा हिशेब पुरा होता होत नाही, किंवा कारखान्यात माल तपासणारा माणूस तिच्या विड्या खराब म्हणून बाजूला काढत राहतो. या स्वप्नांची ताबीर शोधायला कुठल्या ग्रंथाची गरज नाही. दिवसाने जे अर्धवट सोडले ते रात्रीने उचलून घेतले, इतकाच त्यांचा अर्थ.

व्हिएन्नाचे डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड यांचा स्वप्नांवरील प्रसिद्ध ग्रंथ १८९९ च्या नोव्हेंबरमध्ये निघाला. त्यावर साल मात्र १९०० छापले होते. त्यांचे म्हणणे असे की, आदल्या दिवसाच्या अनुभवांचे तुकडे घेऊन मन स्वप्न रचते आणि त्या रचनेआड एखादी दडपलेली इच्छा वेष पालटून स्वतःला पुरी करून घेते. पुढे १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नॅथनिएल क्लाइटमन यांनी दाखवून दिले की, झोपेत ठरावीक अंतराने बंद पापण्यांआड बुबुळे वेगाने हलू लागतात, आणि अशा वेळी माणसाला जागे केले तर तो बहुधा स्वप्न सांगतो. साधारण दीड तासाने ही अवस्था पुन्हा येते; रात्रीतून चार-पाच वेळा. १९७७ मध्ये हॉब्सन आणि मॅकार्ली यांनी तर असे मांडले की, मेंदूच्या तळाकडून उठणाऱ्या संदेशांना काहीतरी अर्थ देण्याच्या खटाटोपात मेंदूचा वरचा भाग गोष्ट रचतो, तीच स्वप्न होय. या सर्वांचे एकमेकांशी पटत नाही आणि वाद अजून मिटलेला नाही.

इथे थोडे विषयांतर करतो. विज्ञानाला जे आज कळले ते आपल्याकडे चौदाशे वर्षांपूर्वीच सांगितले होते, असे म्हणण्याची एक सवय आपल्या भाषणांना लागली आहे. मला ती रुचत नाही. हदीसला शिकागोच्या प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र नको आहे, आणि उद्या तिथले मत बदलले तर आपण काय करणार? एवढे म्हणणे पुरेसे आहे की, स्वप्न स्वतःच्या मनातून उपजते हे ऐकून मोमिनाने दचकण्याचे कारण नाही. ते आपल्याला शिकविलेलेच आहे. मात्र सगळीच स्वप्ने तेवढीच असतात, असे आपण मानत नाही.

झोपेच्या अभ्यासातली एक गोष्ट मात्र मला फार विचार करायला लावते. ज्या अवस्थेत स्वप्ने सर्वांत ठळक असतात, त्याच अवस्थेत शरीराचे स्नायू सैल पडलेले असतात. डोळे आणि श्वास चालू राहतात, हातपाय हलत नाहीत. माणूस स्वप्नात धावतो, भांडतो, मारतो. अंथरुणावर मात्र तो निश्चल पडलेला असतो. निर्मात्याने स्वप्न आणि हात यांच्यामध्ये एक कडी घातलेली आहे. सकाळी ती कडी निघते आणि तिचे काम आपल्या विवेकाकडे येते.

स्वप्नात जे घडले त्याची लाज बाळगून खचून जाणाऱ्यांना दोन शब्द सांगितले पाहिजेत. तरुण मुले खाली मान घालून येतात. वयात आल्यावर स्वप्नावस्थेत जे होते त्याने गुस्ल वाजिब होतो, गुनाह होत नाही, हे त्यांना घरात कोणी सांगितलेले नसते. हजरत उम्मे सुलैम (रजि.) यांनी स्त्रियांच्या बाबतीत हाच प्रश्न प्रेषितांना (स.) उघडपणे विचारला होता, सत्याच्या बाबतीत अल्लाह संकोच करीत नाही, अशी प्रस्तावना करून विचारला होता. आणि त्यांना सरळ उत्तर मिळाले. एखादी आई मुलाला आपल्याच हातून इजा झाल्याचे स्वप्न पाहते आणि आठवडाभर त्याला जवळ घ्यायला भिते. तिला हे कळले पाहिजे की असे स्वप्न म्हणजे तिचा इरादा नव्हे. बहुधा ती तिची काळजीच असते, रात्री अक्राळविक्राळ होऊन आलेली. अपघात किंवा मोठा आघात पाहिलेल्या माणसाला तेच ते भयस्वप्न महिनोन्महिने छळत असेल तर दुआबरोबर मनोविकारतज्ज्ञांकडेही जावे. तापात डॉक्टरकडे जाताना आपण ईमानाचा प्रश्न काढत नाही, इथेही काढू नये.

वाईट स्वप्न पडल्यावर काय करावे, हे शिकविलेले आहे. अल्लाहचा आश्रय मागावा, डावीकडे तीनदा हलकेच थुंकल्यासारखे करावे, कूस बदलावी आणि ते कोणालाही सांगू नये; मग ते इजा करणार नाही. ही हदीस सांगणारे अबू सलमा म्हणतात की, पूर्वी आपल्याला डोंगराहून जड वाटणारी स्वप्ने पडत. ही हदीस ऐकल्यापासून त्यांची पर्वा उरली नाही. एकदा एका ग्रामीण अरबाने येऊन सांगितले की, स्वप्नात आपले डोके उडविले गेले, ते घरंगळत चालले आणि आपण त्याच्यामागे धावत होतो. प्रेषितांनी (स.) त्याची ताबीर केली नाही. झोपेत सैतान आपल्याशी खेळतो ते लोकांना सांगत बसू नये, असे त्याला समजाविले. न सांगण्याचा हा आदेश मला अत्यंत महत्त्वाचा वाटतो. सांगितले की ऐकणारा अर्थ लावतो, आणि अर्थ लावला की त्यात कोणाचे तरी नाव येते.

आपल्याकडे नाव बहुधा सुनेचे येते. नाहीतर जावेचे, शेजारणीचे, एखाद्या एकट्या राहणाऱ्या विधवेचे. सासूबाईंना स्वप्नात साप दिसतो, घराच्या उंबऱ्यावर कोणी काही पुरताना दिसते, चेहरा नीट दिसत नाही. धंदा मंदावलेला असतो, नातवाचा ताप उतरत नसतो. कोणी तरी एखाद्या आमिल म्हणविणाऱ्याकडे घेऊन जाते. तो डोळे मिटतो आणि घरातलीच बाई आहे, असे सांगतो. तो नाव घेत नाही. ते काम घरचे लोक करतात. त्या दिवसापासून त्या स्त्रीच्या हातचा चहा कोणी पीत नाही.

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात हा प्रकार गुन्हा म्हणून नोंदलेला आहे. अमुक व्यक्ती करणी करते, तिच्यामुळे आजार पसरतो, जनावरांचे दूध आटते, असे भासवून तिचे जगणे कठीण करणाऱ्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हा कायदा आपल्या दीनविरुद्ध आहे, अशी कुजबुज काही ठिकाणी झाली. मला त्यात दीनविरुद्ध काही आढळत नाही. निर्दोष माणसावर आळ घेणे हे बुहतान आहे आणि बुहतानची कबर कायद्याच्या कैदेहून अंधारी आहे. जादूचे अस्तित्व कुरआनने नाकारलेले नाही, हे खरे. पण अमुक बाईने ती केली, हा आरोप आहे, आणि आरोपाला पुरावा लागतो. स्वप्न हा पुरावा नव्हे.

या संदर्भात इमाम शातिबी (रह.) यांनी एक प्रसंग नोंदविला आहे. अब्बासी खलीफा महदी याने कूफ्याचे काझी शरीक यांना समोर पाहताच तलवार मागविली. कारण विचारता तो म्हणाला की, काझी आपल्या गालिच्यावर पाय देत आहेत आणि तोंड मात्र फिरवून घेतले आहे, असे आपण स्वप्नात पाहिले. ताबीर करणाऱ्याने सांगितले की, हा माणूस वरून आज्ञाधारक आणि आतून विरोधी आहे. शरीक म्हणाले की, खलीफाचे स्वप्न हे इब्राहीम (अलै.) यांचे स्वप्न नव्हे आणि त्याचा ताबीर करणारा यूसुफ (अलै.) नव्हे, मग खोट्या स्वप्नांच्या जोरावर मोमिनांच्या माना उडविणार काय? महदी शरमला आणि त्याने त्यांना जाऊ दिले. ज्या घरात सुनेचा चहा बंद झाला आहे तिथे तलवार नसते, पण मुकदमा तोच असतो. तिथे काझी शरीकसारखे बोलणारे कोणी नसते, एवढाच फरक.

आता एक आक्षेप येईल आणि तो टाळता येण्यासारखा नाही. इब्राहीम (अलै.) यांनीही स्वप्नाच्या आधारेच पुत्राच्या मानेवर सुरी ठेवली होती ना? दर ईदुल अजहाला आपण तीच आठवण जागवतो. याचे पहिले उत्तर सर्वांना माहीत आहे: प्रेषितांचे स्वप्न वह्य असते, आपले नसते. पण सूरह साफ्फातमधील तो प्रसंग पुन्हा सावकाश वाचावा, अशी माझी विनंती आहे. पित्याने पुत्राला स्वप्न सांगितले आणि लगेच विचारले की, तुझे काय मत आहे, पाहा. स्वप्न वह्य असतानाही, ज्याच्यावर त्याचा भार पडणार होता त्याला विचारल्याविना इब्राहीम (अलै.) एक पाऊल पुढे गेले नाहीत. पुत्राने होकार दिला. आणि शेवटी अल्लाहनेच तो हात थांबविला. आमच्या घरांतून स्वप्नांचे निवाडे होतात तेव्हा जिच्याविषयी निवाडा असतो तिला कोणी काय विचारते?

चांगल्या स्वप्नांविषयी याहून वेगळ्या सुरात बोलले पाहिजे. मोमिनाचे खरे स्वप्न हे पैगंबरीच्या सेहेचाळीस भागांपैकी एक भाग आहे, असे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आले आहे. प्रेषितांवर (स.) वह्य येऊ लागण्याआधी त्यांना खरी स्वप्ने पडत आणि ती पहाटेच्या उजेडासारखी स्पष्ट उतरत, असे हजरत आयेशा (रजि.) सांगतात. अजानचे शब्द हजरत अब्दुल्लाह बिन जैद (रजि.) यांना स्वप्नात मिळाले. पण अजान झाली ती त्यांनी पाहिले म्हणून नव्हे, प्रेषितांनी (स.) ते स्वप्न खरे असल्याचे सांगितले म्हणून. ते खरे ठरविणारे आज आपल्यात नाहीत. म्हणूनच इमाम नववी (रह.) यांनी लिहिले की, शाबानच्या तिसाव्या रात्री चंद्र दिसला नाही आणि कोणी स्वप्नात साक्षात प्रेषितांना (स.) उद्यापासून रमजान आहे असे सांगताना पाहिले, तरी त्या स्वप्नावर रोजा सुरू होत नाही, पाहणाऱ्याचाही नाही. ज्याने प्रेषितांना (स.) स्वप्नात पाहिले त्याने त्यांनाच पाहिले, हे आपण मानतो. तरीही झोपलेल्या माणसाची साक्ष घेता येत नाही.

मराठी साहित्याचा विद्यार्थी म्हणून मला इथे आणखी एक गोष्ट आठवते. तुकोबांना बाबाजी चैतन्यांचा उपदेश स्वप्नात झाला, असे त्यांनी स्वतः आपल्या अभंगांतून सांगितले आहे. बहिणाबाईंना तुकोबांचा अनुग्रह कोल्हापुरात स्वप्नातच मिळाला आणि त्यापायी त्यांनी पतीचा रोष सोसला. त्यांची श्रद्धा वेगळी, आपली वेगळी. ते मुद्दाम सांगायला नको. पण त्या स्वप्नांनी जो भार टाकला तो स्वप्न पाहणाऱ्यावरच टाकला. स्वप्न आले म्हणून तुकोबांनी शेजाऱ्याला घराबाहेर काढले नाही. खऱ्या स्वप्नाची ही एक खूण मानायला हरकत नसावी.

ताबीरविषयीही थोडा संयम हवा. बाजारात इमाम इब्न सीरीन (रह.) यांच्या नावाने जे ताबीरनामे मिळतात, ते त्यांनी लिहिलेले नाहीत, त्यांच्यानंतर शतकांनी ती संकलने झाली. साप म्हणजे शत्रू, दात पडणे म्हणजे नातलगाचा मृत्यू, असे कोष्टक करून ठेवले की माणूस नाहक घाबरतो. एका सहाबींचे स्वप्न हजरत अबू बक्र (रजि.) यांनी प्रेषितांच्या (स.) समोर उलगडले, तेव्हा काही बरोबर सांगितलेत आणि काही चुकलात, असे त्यांना सांगण्यात आले. अबू बक्र (रजि.) यांचीही चूक होऊ शकते, तर दहा-वीस रुपयांच्या पुस्तिकेने घर कसे चालवावे?

टिपू सुलतानांची एक फारसी वही आहे. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर ती त्यांच्या महालात सापडली, आणि आता ती लंडनला आहे. तिच्यात त्यांनी आपल्या हाताने सदतीस स्वप्ने नोंदवून ठेवली आहेत. ही वही ते इतके जपत की त्यांच्या विश्वासातल्या सेवकालाही आत काय आहे हे ठाऊक नव्हते. हरिपंत फडक्यांच्या छावणीवर सावनूरजवळ रात्री छापा घालण्याआधी त्यांना स्वप्न पडले: एक देखणा अनोळखी तरुण येऊन बसला, आणि तो पुरुषवेषातील स्त्री निघाला. जागे झाल्यावर त्यांनी अर्थ लावला की मराठे दिसायला पुरुष असले तरी रणात तसे ठरणार नाहीत. आता, मराठी फौजांनी त्यांना किती जेरीस आणले होते ते आपण शाळेत वाचलेले आहे. उद्याच्या छाप्याची चिंता वाहणाऱ्या सेनापतीला शत्रूचे स्वप्न पडणार आणि तो अर्थ स्वतःला धीर देणाराच लावणार. यात मला नवल वाटत नाही. पण वही त्यांनी लपवून ठेवली, हे मला आवडते.

इस्तिखाऱ्याबद्दल बोलल्याविना हा विषय पुरा होणार नाही, कारण आपल्याकडे सर्वाधिक स्थळे तिथेच मोडतात. मुलीकडची मंडळी होकार देऊन बसलेली असतात, कपडे घेऊन झालेले असतात, आणि निरोप येतो की इस्तिखाऱ्यात स्वप्न चांगले पडले नाही. हजरत जाबिर (रजि.) सांगतात की, प्रेषित (स.) कुरआनची सूरह शिकवावी तसा इस्तिखारा शिकवीत. दोन रकात नफ्ल आणि एक दुआ: हे काम माझ्यासाठी भले असेल तर ते सोपे कर, वाईट असेल तर ते माझ्यापासून आणि मला त्यापासून फिरव. त्या हदीसमध्ये स्वप्नाचा शब्ददेखील नाही. दुआ करावी, जाणत्यांचा सल्ला घ्यावा, चौकशी करावी आणि पाऊल टाकावे. स्थळ नाकारायचे असेल तर ते नाकारण्याचा हक्क आहेच. कारण मात्र खरे सांगावे. न पाहिलेले स्वप्न पाहिले म्हणणाऱ्याला कयामतच्या दिवशी जवाच्या दोन दाण्यांना एकमेकांत गाठ मारायला सांगितले जाईल आणि ती त्याला कधीच मारता येणार नाही, असे बुखारीत आले आहे. नकार देण्याचा संकोच वाटतो म्हणून स्वप्नाचे निमित्त करणाऱ्यांनी ते दोन दाणे डोळ्यांसमोर आणावेत.

हे सर्व मनात ठेवून सूरह यूसुफ घरात सर्वांनी मिळून वाचण्यासारखी आहे. मिसरच्या राजाच्या स्वप्नाला दरबाऱ्यांनी अजगासु अहलाम म्हटले. म्हणजे नाना गवतांची मिसळलेली पेंढी. यूसुफ (अलै.) यांनी त्याच पेंढीतून सात वर्षांची शेती आणि साठवण काढून दाखविली. धान्य कणसातच राहू द्या, हा त्यांचा सल्ला ज्वारी पेवात साठविणाऱ्या आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या शेतकऱ्याला लगेच कळला असता. त्या ताबीरने कोणावर आळ आला नाही. दुष्काळात लोकांना खायला मिळाले.

आणि त्यांचे स्वतःचे स्वप्न? अकरा तारे, सूर्य आणि चंद्र. ते भावांना सांगू नकोस, असे पित्याने बजावले होते. विहिरीत, गुलामगिरीत आणि तुरुंगात त्यांनी ते कोणापुढे मांडल्याचे कुरआनमध्ये कुठे आढळत नाही. भाऊ धान्यासाठी हात पसरून समोर उभे राहिले तेव्हाही त्यांनी ते काढले नाही. सगळे कुटुंब मिसरमध्ये आल्यावर आणि सर्वजण त्यांच्यापुढे झुकल्यावर, पित्याला उद्देशून, त्यांनी म्हटले की लहानपणीच्या त्या स्वप्नाचा हा अर्थ होता. मग अल्लाहचे उपकार मोजताना त्यांनी तुरुंगातून सुटल्याचा उल्लेख केला. विहिरीचा केला नाही. मुफस्सिरांनी याचे कारण सांगितले आहे: भाऊ तिथेच उभे होते.